परसातली शिकार आणि पहिले शील
(विहाराच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



वर्धापनदिनाला मोठमोठ्या विषयांवर बोलण्याची प्रथा आहे. आज मात्र आम्ही एका लहानशा जिवाविषयी, खारीविषयी बोलणार आहोत. अलीकडे आपल्या वस्तीत छर्‍याच्या बंदुका आल्या आहेत. सुट्टीच्या दिवशी परसात पोरं जमतात आणि पेरूच्या झाडावरच्या खारीवर नेम धरतात. खार पडली की टाळ्या वाजतात. मोठी माणसं बघतात आणि म्हणतात, "पोरांचा खेळ आहे, जाऊ द्या!"

जाऊ द्यायचे का, एवढाच आजचा प्रश्न आहे.

कुणी विचारील, "आपण मटण-मासळी खातो, मग खारीचाच एवढा पुळका कशाला?" प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर बाबासाहेबांच्या 'भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात आहे. मारण्याची गरज वेगळी आणि मारण्याची इच्छा वेगळी, हा बुद्धांनी केलेला फरक बाबासाहेबांनी तिथे समजावून सांगितला आहे. जिथे गरज नाही, निव्वळ मारण्याची इच्छा आहे, तिथे हत्येला मनाई आहे. आपल्या आज्या-पणज्यांनी पोटासाठी रानात जे धरले, ती भूक होती. परसातली खार कोण खातो? ती पडते आणि तिला मुंग्या लागतात. म्हणजे उरली ती फक्त इच्छा!

जुने राजे मौजेसाठी दौरे काढीत, त्यात शिकार असे. सम्राट अशोकांच्या शिलालेखात या दौर्‍यांना 'विहारयात्रा' म्हटले आहे. राज्याभिषेकाला दहा वर्षे झाल्यावर अशोक बोधिवृक्षाच्या ठिकाणी गेले आणि विहारयात्रेच्या जागी धम्मयात्रा सुरू झाली. हे सांगणार्‍या आठव्या शिलालेखाचा एक तुकडा आपल्याच महाराष्ट्रात, सोपार्‍याला, 1882 साली पंडित भगवानलाल इंद्रजींना सापडला. एवढ्या मोठ्या सम्राटाने शिकारीची मौज सोडली. आपल्याला एक छर्‍याची बंदूक सुटू नये?

खार पेरू कुरतडते, गादीतला कापूस ओढून नेते, हे खरे आहे. त्याला उपाय आहेत. फळाला कापडी पिशवी बांधावी, झाडावर जाळी टाकावी. एक खार मारली तर चार दिवसांनी दुसरी येते, पेरू काही वाचत नाही. शिवाय साडेचार मिलिमीटरचा तो छर्रा दर वेळी जीव घेतोच असे नाही. जखमी खार कौलाखाली जाऊन तडफडत राहते. तिला एका वेळी दोन-चार पिल्ले होतात, जन्मतः डोळे मिटलेली. आई गेली की तीही उपाशी मरतात. आणि नेम चुकलेला छर्रा शेजारच्या लेकराच्या डोळ्यात गेला, तर? तेव्हाही "जाऊ द्या" म्हणणार का?

अरुणाचल प्रदेशात शिकार ही पिढ्यान्‌पिढ्यांची चाल. तिथे मार्च 2021 मध्ये पूर्व कामेंग जिल्ह्यातल्या लुमडुंग गावापासून एअरगन परत करण्याची मोहीम सुरू झाली. लोकांनी आपण होऊन दीड हजारांवर बंदुका आणून दिल्या. जंगलातल्या माणसांना जे जमले, ते आपल्याला न जमायला काय झाले?

मुलांनो, तुमचा नेम चांगला असेल तर आम्हांला कौतुकच आहे. आपल्या महाराष्ट्राच्या अंजली भागवत 2000 साली सिडनी ऑलिंपिकमध्ये दहा मीटर एअर रायफलच्या अंतिम फेरीत पोहोचल्या. त्यांचे लक्ष्य कागदाचे होते. कागदाला रक्त येत नाही आणि नेम मात्र जास्त बारीक लागतो.

आईवडिलांना एकच विनंती. बंदूक मुलाने मागितली तरी पैसे तुम्ही दिलेत. आज घरी गेल्यावर ती कुलपात ठेवा आणि कुलपाची किल्ली स्वतःजवळ ठेवा. दर पौर्णिमेला आपण हात जोडून पंचशील घेतो, त्यातले पहिलेच शील प्राणिहत्येपासून दूर राहण्याचे आहे. 22 प्रतिज्ञांतही प्राणिमात्रांवर दया करण्याचे वचन आपण दिले आहे. ते वचन विहाराच्या भिंतीआड ठेवायचे नाही, परसातल्या पेरूच्या झाडापर्यंत न्यायचे आहे. पुढच्या वर्धापनदिनी त्या झाडावर खारी बागडताना दिसल्या, तर हा दिवस सार्थकी लागला असे आम्ही समजू.

सर्वांचे मंगल होवो. नमो बुद्धाय! जय भीम!