लोहमार्ग, गिरण्या आणि आपली ज्ञाती

(मंडळाच्या दादर येथील वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



मंडळाच्या चिटणिसांनी मला बोलण्याची आज्ञा केली आणि विषयाची निवड माझ्यावरच सोपविली. मी कोणी विद्वान नव्हे. लालबागच्या चाळीत वाढलो आणि गिरणीच्या भोंग्यावर घड्याळ लावण्यास शिकलो. तेव्हा ज्या दोन शक्तींनी आपणां सर्वांस या नगरीत आणून बसविले, त्या लोहमार्ग व कापडगिरणी यांविषयीच चार शब्द बोलावे असे योजिले आहे.

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्यास पहिली आगगाडी निघाली. चौदा डबे, सुमारे चारशे निमंत्रित, एकवीस तोफांची सलामी आणि एकवीस मैलांचा मार्ग. या उद्योगासाठी झटणाऱ्यांत आपल्या गिरगावचे नामदार जगन्नाथ शंकरशेट अग्रभागी होते, याचा आपणांस अभिमान वाटावा हे योग्यच आहे. परंतु विलायतेच्या भांडवलदारांनी पैसा ओतला तो आपल्या प्रवासाच्या सोयीसाठी नव्हे. त्यांस वऱ्हाड-खानदेशचा कापूस हवा होता. तो बैलांच्या पाठीवरून घाट उतरून येईपर्यंत भिजे, मळे आणि महाग होई.

सह्याद्री ओलांडणे हे खरे काम होते. बोरघाटाचे काम १८५६ मध्ये सुरू झाले आणि १८६३ मध्ये पुरे झाले. सुमारे पंधरा मैलांत अठराशे फुटांहून अधिक चढ आणि पंचवीस बोगदे! तोपर्यंत पुण्याचे उतारू खोपोलीस गाडीतून उतरत आणि पालखीत किंवा तट्टावर बसून खंडाळ्यास दुसरी गाडी गाठीत. कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल हे १८५९ मध्ये येथे येऊन थोड्याच दिवसांत वारले. त्यांच्या पत्नी ॲलिस यांनी ते कंत्राट पुढे चालविले. ही नावे इतिहासात आहेत. परंतु ऐन भरात बेचाळीस हजारांवर मजूर त्या घाटात खपत होते. पटकीने आणि सुरुंगाने त्यांतील सहस्रावधी माणसे मेली. त्यांतील एकाचेही नाव आपणांस ठाऊक नाही.

इकडे कावसजी नानाभाई दावर यांची ताडदेवची गिरणी १८५६ मध्ये चालू झाली. पुढे १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी माजली, तेथला कापूस बंद पडला आणि मुंबईत सोन्याचा पाऊस पडला. युद्ध संपताच तो ओसरून अनेक पेढ्या बुडाल्या. १८६९ मध्ये सुवेझचा कालवा खुला झाला आणि आफ्रिकेचा वळसा चुकून युरोप मुंबईच्या जवळ आला. घाटातील रूळ एका बाजूने आणि वाळवंटातील कालवा दुसऱ्या बाजूने. या दोहोंच्या सांध्यावर आपली मुंबई वाढली. परळ, लालबाग, शिवडी, वरळी येथे गिरण्यांची धुरांडी उभी राहिली आणि परळला रेल्वेचे कारखाने निघाले.

येथे एक विलक्षण गोष्ट नमूद केली पाहिजे. ज्या कोकणाने या गिरण्यांस सर्वाधिक माणसे दिली, त्या कोकणास रेल्वे मिळाली नाही. १९११ च्या शिरगणतीच्या सुमारास गिरणी कामगारांपैकी जवळजवळ निम्मे एकट्या रत्नागिरी जिल्ह्यातले होते. ते आगबोटीने येत आणि भाऊच्या धक्क्यास उतरत. कोकण रेल्वे संपूर्ण खुली झाली ती १९९८ मध्ये; म्हणजे पहिल्या गाडीनंतर तब्बल १४५ वर्षांनी!

धक्क्यावर उतरलेला मनुष्य प्रथम गाववाल्यांची खोली शोधी. एकेका खोलीत पंधरा-वीस जण पाळीपाळीने निजत. त्या खोलीतून भिशी निघाली, भिशीतून आजाऱ्यास मदत आणि मेलेल्याचे दिवसकार्य, आणि त्यातूनच पुढे ज्ञातीची मंडळे जन्मास आली. आपण ज्ञातिमंडळाला पुरातन मानतो. वस्तुतः तेही या आगबोटीचे आणि गिरणीचेच अपत्य आहे.

बंधुभगिनींनो, यंत्रयुगाने जातिभेद नष्ट केला असे आपण व्यासपीठावरून पुष्कळदा म्हणतो. गाडीच्या डब्यात सर्व जाती एका बाकावर बसल्या हे खरे. १८८४ मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांनी परळला सभा भरविली आणि हजारो कामगारांच्या सह्यांचा अर्ज सरकारकडे धाडला. १८९० मध्ये मिळालेली रविवारची सुटी ही त्याच खटपटीचे फळ, हेही खरे. परंतु याहून अप्रिय असे एक सत्य आहे, आणि ते मी माझ्या घरापासूनच सांगतो.

माझे आजोबा साचेखात्यात, म्हणजे विणकामखात्यात होते. धोट्यातील कांडी संपली की नवी कांडी भरून तिच्या सुताचे टोक धोट्याच्या छिद्रातून तोंडाने ओढून घ्यावे लागे. दुसऱ्याच्या तोंडचा धोटा तोंडी लावावा लागेल म्हणून अस्पृश्य मानलेल्या बंधूंस त्या खात्यात शिरकाव नव्हता; आणि अधिक पगार तर तेथेच मिळे. १९२८ च्या मोठ्या संपाच्या वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा अन्याय उघडपणे मांडला. ही बंदी कोणत्या इंग्रज कायद्याने घातली नव्हती. शेजारच्या साच्यावर उभ्या असलेल्या माणसांनीच ती पाळली होती. आजोबांच्या पगारावर माझे वडील शिकले आणि वडिलांच्या शिक्षणावर मी. आजोबा प्रेमळ होते, कष्टाळू होते. तथापि त्या बंदीविषयी त्यांच्या तोंडून मी एक अक्षरही ऐकले नाही. मीही कधी विचारले नाही, याची खंत आज वाटते.

१८ जानेवारी १९८२ रोजी सुमारे अडीच लाख कामगारांचा संप सुरू झाला, आणि त्यानंतर गिरण्या एकामागून एक बंद पडत गेल्या. त्या वेळी भोंगा साऱ्यांचाच थांबला. ज्यांच्या घरी आधीच शिक्षण पोचले होते ते तरले. ज्यांना साचेखात्याचे दार बंद होते आणि म्हणून मुलांना शिकविण्याइतका पैसा उरला नाही, त्यांच्या वाट्यास काय आले असेल याची कल्पना आपण करावी.

म्हणून माझी नम्र सूचना अशी आहे. आपल्या शिष्यवृत्ती निधीचा चौथा हिस्सा गिरणी कामगारांच्या नातवंडांसाठी, ज्ञाती न विचारता, राखून ठेवावा. काही वडीलधाऱ्यांना हे रुचणार नाही, हे मी जाणतो. ‘आपलेच गरजू कमी आहेत का?’ असा प्रश्न येईल. त्यास माझे उत्तर एवढेच की, ज्या पगारातून हा निधी उभा राहिला, त्या पगाराचा काही अंश दुसऱ्यास दार बंद ठेवल्यामुळे आपल्या हाती आला होता. हे दान नव्हे. मागली बाकी आहे.

लोखंडाच्या रुळांनी घाट फोडला. मनातला घाट आपल्यालाच फोडावयाचा आहे. कार्यकारी मंडळाने ही सूचना पुढील सर्वसाधारण सभेपुढे ठेवावी, एवढी विनंती करून, मी माझे भाषण संपवितो.