चार कॅमेऱ्यांचा सेट



नांदेडचं वजिराबाद असो की लातूरची गंजगोलाई, कॅमेऱ्याच्या दुकानात गिऱ्हाईक शिरलं की पहिला प्रश्न ठरलेला. "चार कॅमेऱ्यांचा सेट केवढ्याला बसतो?" दुकानदारही तयारीतच असतो. चार कॅमेरे, चित्रण साठवणारा एक डीव्हीआर, त्यातली हार्ड डिस्क, वायरचं बंडल आणि बसवण्याची मजुरी, असा सगळा मिळून तो आकडा सांगतो. गिऱ्हाईक त्यातून हजार-पाचशे तोडून घेतं आणि संध्याकाळपर्यंत कॅमेरे भिंतीला लागतात. त्या रात्री मालक घरी बसून मोबाईलवर आपलंच रिकामं ऑफिस कौतुकाने बघत असतो.

पुढे कधीतरी गल्ल्यात रोकड कमी भरते, नाहीतर दारातली मोटारसायकल जाते. ठाण्यातले जमादार येतात आणि विचारतात, माणूस कोण दिसतोय? किती वाजता? आणि मग म्हणतात, हे पेन ड्राइव्हमध्ये टाकून द्या. बहुतेक सेट इथेच अडतात. चित्रात टोपी दिसते, चेहरा दिसत नाही. घड्याळ पाऊण तास मागे असतं. आणि कॉपी कशी काढायची हे ज्या पोराला ठाऊक होतं, तो केव्हाच पुण्याला गेलेला असतो. म्हणून किमतीची चर्चा दुकानदारावर सोडून मी आज जमादारांच्या या तीन प्रश्नांवर बोलणार आहे. कंपन्यांची नावं घेणार नाही. आकाशवाणीवर ती घेता येत नाहीत, आणि खरं सांगायचं तर त्यांच्यावाचून काही अडतही नाही.

आधी चेहरा. खरेदीला गेलेला माणूस मेगापिक्सेल विचारतो, पण भिंगाचा मिलीमीटर कुणी विचारत नाही. दोन मेगापिक्सेलच्या चित्रात आडवे १९२० ठिपके असतात. अनोळखी माणसाचा चेहरा ओळखण्याजोगा दिसायचा तर एक मीटर रुंदीला २५० ठिपके मिळावेत, असा आंतरराष्ट्रीय मानकाचा दंडक आहे. भागाकार केला की कळतं, चित्राची रुंदी साडेसात मीटरच्या पुढे गेली की ओळख पटणं अवघड. सेटमध्ये सर्रास येतं ते २.८ मिलीमीटरचं भिंग. ते एवढं रुंद बघतं की साधारण तीन मीटरवरच ही रुंदी संपते. ३.६ चं भिंग साडेचार मीटरपर्यंत नेतं, सहाचं आठ मीटरपर्यंत. आपला दिवाणजी किंवा रोजचा हमाल असेल तर निम्म्या ठिपक्यांत, म्हणजे दुप्पट अंतरावरूनही आपण ओळखतो. चोर मात्र सहसा ओळखीचा नसतो.

तरीही बसवणाऱ्याला २.८ च आवडतं, कारण एका कॅमेऱ्यात सगळी खोली येते आणि मालक खूश होतो. माझं म्हणणं असं की खोलीसाठी तो एक असू द्या, पण दारावर सहा मिलीमीटरचा, अरुंद बघणारा कॅमेरा लावा आणि तो सात-साडेसात फुटांपेक्षा वर चढवू नका. छताला चिकटवलेला कॅमेरा दिवसभर टाळू मोजत बसतो.

आपल्याकडची आणखी एक अडचण कुठल्याही माहितीपत्रकात छापलेली नसते. मार्च ते जून नांदेड-लातुरातला अर्धा गाव तोंडाला दस्ती नाहीतर स्कार्फ बांधून फिरतो. ऊनच तसं असतं, त्यात कुणाचा वाईट हेतू नसतो. पण दारावरच्या कॅमेऱ्याला त्या दिवसांत नुसते डोळे दिसतात. मग दस्ती सुटते कुठे? आत आल्यावर, पंख्याखाली, पाण्याच्या जारपाशी. पेला तोंडाला लावायचा तर कापड खाली घ्यावंच लागतं. लहान ऑफिसात एकच चांगला कॅमेरा परवडत असेल तर तो पाण्याच्या जाराकडे तोंड करून लावा, असं मी बिनदिक्कत सांगेन.

उजेडाचंही तसंच. लातूरची गंजगोलाई नगररचनाकार फैयाजुद्दीन यांनी आखली. मधे देवीचं मंदिर, भोवती गोल बांधणी आणि सोळा रस्ते. गोल असल्यामुळे तिथल्या दुकानांची तोंडं सगळ्या दिशांना आहेत. एकाच्या शटरातून सकाळचं ऊन आत येतं, तर पलीकडच्याच्या गल्ल्यावर दुपारी चारचं. उन्हाला पाठ करून आत येणारा माणूस कॅमेऱ्यात नुसती काळी आकृती दिसतो. त्यावर उपाय म्हणजे डब्ल्यूडीआर असलेला कॅमेरा, जो चित्रातला भगभगीत उजेड आणि सावली दोन्ही सांभाळतो. माहितीपत्रकात त्याच्यापुढे १२० डीबी असा आकडा असेल तर तो खरा. नुसतं डिजिटल डब्ल्यूडीआर लिहिलं असेल तर फार आशा धरू नका. शेजाऱ्याकडे चांगला चाललेला कॅमेरा तुमच्याकडे चालेलच असंही नाही, कारण तुमचं ऊन वेगळं. सौदा करण्याआधी दिवसातून तीन वेळा दारात उभं राहून ऊन कुठवर येतं ते बघा.

मोंढ्यात आडत असेल तर धुळीचा विचार करा. सोयाबीनची आवक सुरू झाली की काचेवर पापुद्रा बसतो. रात्री कॅमेऱ्याचे लाल दिवे लागले की किडे जमतात, किड्यांमागे कोळी येतो, आणि त्याचं जाळं त्या उजेडात असं चकाकतं की मागचं काहीच दिसत नाही. आठवड्याला एकदा फडकं फिरवायला हमालालाच सांगून ठेवा. कॅमेरा काट्यावर रोखलेला असेल तर काट्याचा आकडा वाचता येतो का, हेही तपासा. वजनावरून तंटा झाला तर शेतकरी आणि आडत्या दोघांनाही तोच आकडा बघायचा असतो.

आता वेळ. हा विषय किती दूर जाऊ शकतो हे आपल्याच मराठवाड्यातल्या एका खटल्याने दाखवलंय. २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत जालन्यातून अर्जुन खोतकर २९६ मतांनी निवडून आले. पराभूत उमेदवार कैलास गोरंट्याल यांनी कोर्टात दाद मागितली. मुद्दा असा, की २७ सप्टेंबरला दुपारी तीनची मुदत टळल्यावर खोतकरांचा उमेदवारी अर्ज दाखल झाला. निवडणूक निर्णय अधिकाऱ्यांच्या कार्यालयात आत आणि बाहेर कॅमेरे होते. चित्रण होतं, त्याच्या सीडी कोर्टापुढे आल्या. नव्हतं ते प्रत खरी असल्याचं सोबतचं प्रमाणपत्र, आणि मागूनही ते मिळालं नव्हतं. औरंगाबाद खंडपीठाने नोव्हेंबर २०१७ मध्ये निवडणूक रद्द ठरवली. प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं. १४ जुलै २०२० ला तीन न्यायमूर्तींच्या पीठाने सांगितलं, की इलेक्ट्रॉनिक नोंदीची प्रत पुरावा म्हणून द्यायची तर प्रमाणपत्र हवंच. मूळ यंत्रच मालकाने स्वतः येऊन हजर केलं तर गोष्ट वेगळी. जालन्याच्या प्रकरणात प्रमाणपत्र मिळवण्यासाठी गोरंट्याल यांनी हातचं काही राखलं नव्हतं, म्हणून त्यांना सूट मिळाली आणि खंडपीठाचा निकाल कायम राहिला.

१ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम लागू झाला. त्याच्या कलम ६३ खालच्या या प्रमाणपत्राचा नमुनाच अनुसूचीत दिला आहे. भाग अ पक्षकाराने भरायचा, भाग ब तज्ज्ञाने. त्यात फाइलची हॅश व्हॅल्यू लिहावी लागते. फाइलमध्ये तसूभर फरक केला तरी बदलणारा असा तो लांबलचक आकडा असतो. हे सगळं तुम्ही पाठ करावं असं नाही, पोलीस आणि वकील सांगतील. तुमच्याकडे एवढंच लागतं, की डीव्हीआरचं घड्याळ बरोबर असावं आणि चित्रण मोबाईलने स्क्रीनवरून शूट करून पाठवलेलं नसावं. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरलेली क्लिप गावात चर्चेला पुरते, कोर्टात तिचा टिकाव लागणं कठीण. इंटरनेट जोडलेलं असेल तर घड्याळ आपोआप जुळण्याची सोय चालू करून घ्या. नसेल तर महिन्याच्या पहिल्या तारखेला हाताने जुळवा.

चित्रण किती दिवस राहावं? दोन मेगापिक्सेलचा एक कॅमेरा एच-२६५ पद्धतीने, दोन एमबीपीएस वेगाने रेकॉर्ड करत असेल तर दिवसाला सुमारे २२ जीबी जागा खातो. चार कॅमेऱ्यांचे ८६ जीबी. सेटमध्ये येणारी एक टीबीची डिस्क अकरा-बारा दिवसांत भरते आणि जुनं पुसून नवं लिहायला लागते. आपल्या बहुतेक ऑफिसांचा हिशोब जुळतो महिनाअखेरीला. म्हणजे तूट लक्षात येते त्या दिवशी चित्रण गेलेलं असतं. महिनाभर ठेवायचं तर तीन टीबीच्या आसपास लागतात, तेव्हा चार टीबीची घ्या, आणि ती कॅमेऱ्यासाठी बनवलेलीच डिस्क असू द्या. साध्या कॉम्प्युटरची डिस्क चोवीस तास लिहीत राहण्यासाठी बनलेली नसते. पोलीस ठाण्यांसाठी सुप्रीम कोर्टाने २०२० मध्ये दीड वर्षाच्या साठवणीचा आग्रह धरला होता, तेवढं आपल्याला नको.

वायर आणि वीज. एकाच मजल्यावरच्या चार-सहा कॅमेऱ्यांना जाड कोअ‍ॅक्सियल वायरचे एचडी कॅमेरे पुरतात. आयपी, म्हणजे नेटवर्कच्या वायरीवर चालणाऱ्या कॅमेऱ्यांचा हट्ट नको. दोन मजली दवाखाना असेल, किंवा एमआयडीसीत ऑफिस इकडे आणि गोडाऊन तिकडे असेल, तर आयपी घ्या. त्यात एकाच वायरीतून वीजही जाते, पण शंभर मीटरची मर्यादा आहे. वायर तांब्याची आहे का हे विचारा. तांब्याचा मुलामा दिलेली अ‍ॅल्युमिनियमची वायर स्वस्त पडते. दिवसा सगळं झकास चालतं. रात्री लाल दिवे लागले की कॅमेरा जास्त वीज ओढतो आणि लांबच्या टोकाचा कॅमेरा बंद-चालू होऊ लागतो. रोहिण्या आणि मृगाच्या विजांत तर बाहेरच्या लांब वायरींतून झटका थेट डीव्हीआरपर्यंत येतो, म्हणून अर्थिंग तपासून घ्या. इन्व्हर्टरवर डीव्हीआर घेताना राउटरही घ्या, नाहीतर लाइट गेली की मोबाईलवर काही दिसणार नाही. आणि डीव्हीआर गल्ल्याच्या टेबलावर मांडून ठेवू नका. चोर शहाणे झालेत, जाताना तोही उचलून नेतात. कुलूपबंद, पण हवा खेळणाऱ्या कपाटात तो ठेवा. आपल्या मे महिन्यात बंद पेटीतली डिस्क भाजून निघते.

पासवर्डबद्दल थोडं कडक बोलतो. फेब्रुवारी २०२५ मध्ये गुजरातेत राजकोटच्या एका प्रसूतिगृहातलं महिला रुग्णांचं चित्रण इंटरनेटवर विकायला आल्याचं उघडकीस आलं. नांदेडच्या डॉक्टर्स लेनमध्ये दवाखान्याला दवाखाना लागून आहे, तिथल्या मंडळींनी हे विशेष ऐकावं. तपासणीच्या खोलीत कॅमेराच नको. तिथे तो कशासाठी हवा, याचं पटेल असं उत्तर मला अजून कुणी दिलेलं नाही. बाकी ठिकाणी कंपनीतून आलेला पासवर्ड पहिल्याच दिवशी बदला. मोबाईलचं अ‍ॅप बसवणाऱ्याच्या नव्हे, तुमच्या नंबरावर सुरू करा. कित्येक मालकांचं ऑफिस आजही बसवणाऱ्याच्या मोबाईलमध्ये उघडतं आणि मालकाला त्याचा पत्ताही नसतो. कॅमेऱ्यातला माइक गरज नसेल तर बंद ठेवा, आणि दारावर पाटी लावा. कामावरच्या माणसांना कॅमेरे कुठे आहेत हे सांगितलेलं बरं.

९ एप्रिल २०२५ पासून देशात बनणाऱ्या आणि आयात होणाऱ्या कॅमेऱ्यांना केंद्र सरकारच्या सुरक्षा निकषांची चाचणी सक्तीची झाली आहे. ती एसटीक्यूसी ही सरकारी यंत्रणा पाहते. "साहेब, माल तोच आहे, फक्त जुना स्टॉक, स्वस्तात देतो," असं कुणी म्हणालं तर मॉडेल नंबर बिलावर लिहून मागा आणि त्या मॉडेलचं प्रमाणपत्र दाखवायला सांगा.

राहिला जमादारांचा तिसरा प्रश्न, पेन ड्राइव्हचा. काम पूर्ण झालं म्हणून बसवणारा उरलेले पैसे मागायला येईल तेव्हा त्याला पाणी द्या, बसवा आणि म्हणा, काल दुपारी बारा ते बारा दहा एवढंच चित्रण काढून दे. ते त्याच्या हाताने नको. तो सांगेल आणि तुमचा दिवाणजी करेल. फाइल दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडते का, वेळ दिसते का, जाराशी पाणी पिणाऱ्याचा चेहरा ओळखू येतो का, हे तिथेच बघा. पायऱ्या एका कागदावर लिहून कपाटाच्या आत चिकटवा. मग पैसे द्या.