चुन्यात गूळ होता का?

भिंगारजवळचा फराहबाग आपल्यापैकी अनेकांनी पाहिला असेल. निजामशाहीतला हा अष्टकोनी महाल मुर्तजा निजामशहाच्या कारकिर्दीत, १५८३ साली पुरा झाला. ओबडधोबड दगडी भिंती आणि त्यांवर चुन्याचा गिलावा. हा चुना इतकी वर्षं टिकला कसा, असं विचारा. उत्तर तयारच असतं : ‘त्यात गूळ होता, उडीद होता, बेलफळाचा गर होता, हिरडा होता.’ कुणी त्यात अंडीही फोडतं. राज्यातल्या बहुतेक किल्ल्यांच्या चुन्याबद्दल हेच सांगितलं जातं. ते खरं की खोटं, हे ठरवायचं कसं, एवढंच आज पाहू.

ही नुसती दंतकथा मात्र नव्हे. सेंट हेलेना बेटाचा गव्हर्नर आयझॅक पाइक यानं मद्रासकडची चुना बनवण्याची रीत लिहून लंडनच्या रॉयल सोसायटीला कळवली. १७३०च्या दशकात ती सोसायटीच्या नियतकालिकात छापून आली. तिच्यात गूळ आहे, हरभऱ्यासारखं कडधान्य आहे आणि हिरडाही आहे.

या पदार्थांना कामंही नेमून दिलेली होती. चुनखडी भट्टीत साधारण ९०० अंशांवर भाजली की तिच्यातला कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि कळीचा चुना उरतो. तो पाण्यात विरवायचा, वाळू आणि सुरखी, म्हणजे विटेची भुकटी, घालून चुन्याच्या घाण्यात मळायचा. भिंतीवर गेल्यावर हवेतला कार्बन डायऑक्साइड परत घेऊन तो हळूहळू दगड होतो. गुळानं चुना पाण्यात जास्त विरघळतो आणि गवंड्याच्या थापीखाली मऊ राहतो. पण गूळ जास्त झाला तर चुना घट्ट व्हायलाच तयार नसतो. उडदाचा चिकटपणा पाणी धरून ठेवतो. तेल घातलं तर त्याचा चुन्याशी संयोग होऊन पाण्यात न विरघळणारा साबण तयार होतो, त्यामुळे ओल आत शिरत नाही.

आता प्रयोगशाळेत चला. परवानगी घेऊन, आधीच फुटलेल्या जागेतून, सांध्याच्या आतल्या भागातला सुपारीएवढा तुकडा घेतला. भिंगाखाली धरला की वाळूचे कण, विटेची लाल भुकटी आणि नीट न मळलेल्या चुन्याचे पांढरे ठिपके दिसतात. तुकड्याचा एक भाग पातळ हायड्रोक्लोरिक आम्लात टाकला की फसफसतो. चुना विरघळतो, वाळू तळाशी उरते. ती धुऊन, वाळवून, वजन करून मूळ प्रमाणाचा अंदाज येतो.

गूळ असा दिसत नाही. दुसरा भाग वाटून गरम पाण्यात उकळायचा आणि ते पाणी तपासायचं. आयोडीनचा थेंब टाकून निळा रंग आला तर पिष्ट आहे. बाययुरेट चाचणीत जांभळी छटा आली तर प्रथिन आहे. साखरेसाठी फेलिंगचं द्रावण वापरतात, पण गुळातली बहुतेक साखर त्याला सरळ दाद देत नाही. ती आधी आम्लात उकळून फोडावी लागते, मगच विटकरी साका बसतो. अगदी सूक्ष्म अंश शोधायचे तर गॅस क्रोमॅटोग्राफीसारखी यंत्रं लागतात.

खरी अडचण निकाल हाती आल्यावर सुरू होते. समजा, प्रथिन सापडलं. ते उडदाचं, अंड्याचं, की चार शतकं तिथं बसणाऱ्या पाखरांच्या विष्ठेचं? शेवाळ आणि बुरशीही तेच दाखवतात. उलट, समजा साखर सापडली नाही. साखर पाण्यात विरघळते, जिवाणू ती खातात. इतक्या पावसाळ्यांनंतर ती न सापडणं म्हणजे कधी नव्हतीच असं नाही. तेलाचा साबण त्यामानानं चिवट. सापडलेला अंश बाहेरून आलेला नाही ना, हे पाहायला तुलनेसाठी बाहेरच्या पृष्ठभागाचा आणि शेजारच्या मातीचा नमुनाही तपासावा लागतो. तोच अंश तिथंही निघाला तर चुन्याच्या अंगी तो गुण चिकटवता येत नाही.

नीट पुरावा मिळतो तेव्हा मात्र काम चोख होतं. चीनमध्ये चिकट तांदळाची पेज चुन्यात घालत. तिथल्या शास्त्रज्ञांनी जुन्या बांधकामात त्या तांदळाचं पिष्ट ओळखून दाखवलं. आपल्याकडे वेरूळच्या लेण्यांतल्या मातीच्या गिलाव्यात भांगेच्या झाडाचे तंतू असल्याचं संशोधन २०१६ साली प्रसिद्ध झालं. ताज्या झाडाचे तंतू सूक्ष्मदर्शकाखाली शेजारी ठेवून ती ओळख पटवली होती. तंतू डोळ्यांना दिसतो, ही तिथली सोय. विरघळलेल्या गुळाला ती नाही.

याचा उपयोग डागडुजीच्या वेळी होतो. जुन्या भिंतीला सिमेंट फासलं तर ओल आत कोंडते आणि क्षार जुना गिलावा फोडून बाहेर येतात. पण ऐकीव कृतीवरून गुळाच्या ढेपा ओतणंही शहाणपणाचं नाही. आधी तपासणी, मग गुळाचे आणि बिनगुळाचे छोटे घाणे मळून पाहणं, ते वाळू देणं, पाण्यात ठेवून आणि दाब देऊन तुलना करणं, आणि नंतरच भिंतीला हात लावणं, हा क्रम हवा. अहवालातही ‘सापडलं’, ‘सापडलं नाही’ आणि ‘सांगता येत नाही’ हे तीन रकाने वेगळे असावेत.

आणि प्रयोगशाळेला काय शोधायचं, हे कुणीतरी सांगावं लागतं. तुमच्या घरात चुन्याचं काम केलेले कुणी जुने गवंडी असतील, तर ते काय घालत, किती घालत, कधी घालत, हे विचारून लिहून ठेवा. ते पुरावा ठरणार नाही, पण पहिली चाचणी कोणती करायची, हे त्यावरून ठरेल.