लांब म्हणजे कुठे?



आज आम्ही तुमच्याशी एका हलक्या वस्तूविषयी बोलणार आहोत. ती इतकी हलकी की वाऱ्यावर उडून जाते. पण तिचे ओझे मोठे आहे. ती वस्तू म्हणजे प्लॅस्टिकची पिशवी.

आपण रोज घर झाडतो, अंगण झाडतो. केर गोळा करतो आणि लांब नेऊन टाकतो. घर स्वच्छ झाले, आपले काम संपले. पण हे 'लांब' म्हणजे कुठे? तिथे कुणी राहत नाही का?

आपल्याच छत्रपती संभाजीनगरची गोष्ट ऐका. तेव्हा शहराचे नाव औरंगाबाद होते. शहराचा कचरा तीसहून अधिक वर्षे नारेगावला नेऊन टाकत. रोज सुमारे ४०० टन कचरा निघे. एक टन म्हणजे १००० किलो. शिळे अन्न, भाजीची देठे, काच, चिंध्या, पिशव्या, सगळे एकत्र! त्याचे डोंगर झाले. शहराला ते 'लांब' होते. पण नारेगाव, मांडकी आणि आसपासच्या गावांना ते दारातच होते. घाण वास, माशा, धूर यांनी लोक बेजार झाले. विहिरींचे पाणी नासले, अशी त्यांची तक्रार होती.

शेवटी फेब्रुवारी २०१८ मध्ये गावकरी रस्त्यावर आले. कचऱ्याच्या गाड्या त्यांनी अडवल्या. मग शहराने दुसरी जागा शोधली. जिथे गाडी जाई, तिथे लोक आडवे येत. ७ मार्च २०१८ रोजी मिटमिट्याला दगडफेक झाली, लाठ्या चालल्या. उच्च न्यायालयानेही नारेगावला कचरा टाकण्यास मनाई केली. इकडे शहरात चौकाचौकांत ढीग साचले. जो कचरा तीस वर्षे दुसऱ्याच्या दारी होता, तो आपल्या दारी आला. तेव्हा लोकांना कळले, कचऱ्याला 'लांब' अशी जागाच नाही. आपले लांब म्हणजे दुसऱ्याचे अंगण.

पुढे चिकलठाणा, पडेगाव, हर्सूल, कांचनवाडी इथे कचऱ्यावर प्रक्रिया करणारी केंद्रे उभी राहिली. ओला कचरा वेगळा, सुका वेगळा करा, असे घरोघर सांगावे लागले.

तुम्ही म्हणाल, ही शहराची गोष्ट. आमचे खेडे, आम्हाला काय त्याचे?

तर मग आपल्या उकिरड्याकडे चला. आपले वाडवडील म्हणत, उकिरड्याची दैनाही बारा वर्षांनी फिटते. ते खरेच होते. शेण, पालापाचोळा, राख, उष्टे-खरकटे उकिरड्यात पडे. वर्षभरात त्याचे खत होई. उन्हाळ्यात गाडीभर खत शेतात जाई. उकिरडा म्हणजे शेतकऱ्याची ठेवच होती. मग नारेगावच्या उकिरड्याची दैना तीस वर्षांतही का फिटली नाही?

कारण त्यात सगळे एकत्र मिसळले होते, आणि त्यात प्लॅस्टिक होते. मातीत बारीक जीव असतात, डोळ्यांना न दिसणारे. ते पालापाचोळा खातात, त्याचे खत करतात. प्लॅस्टिक त्यांना खाता येत नाही. ते खनिज तेलापासून आणि वायूपासून बनते. पिशव्यांचे पॉलिथिन इंग्लंडमध्ये १९३३ साली प्रथम तयार झाले. अजून शंभर वर्षेही झाली नाहीत. मातीला त्याची ओळखच नाही! ते कुजत नाही. उन्हाने फाटते, तुकडे होतात, पण तुकडेही प्लॅस्टिकच राहतात.

आता आपला उकिरडा उकरून बघा. शाम्पूच्या पुड्या, वेफरची पाकिटे, दुधाच्या पिशव्या निघतील. हेच खत शेतात जाते. नांगराच्या फाळाला चिंधी गुंडाळावी तशी पिशवी गुंडाळून येते. मग शेताचाही उकिरडा व्हायला काय वेळ?

आणखी दोन गोष्टी सांगतो.

आपण शिळी भाकरी पिशवीत बांधून टाकतो. गाय येते. तिला भाकरीचा वास येतो, पण तिला गाठ सोडता येत नाही. ती पिशवीसकट गिळते. पिशवी पचत नाही, पोटात साठत जाते. गाय खात नाही, दूध आटते. पोट चिरून गोळा काढावा लागतो. वेळेवर कळले नाही तर दावणीची गाय जाते. ज्या हाताने आपण तिला नैवेद्य देतो, त्याच हाताने हे घडते.

दुसरी गोष्ट चुलीची. पिशवी चटकन पेटते, म्हणून चूल पेटवायला ती वापरतात. हा धूर विषारी असतो. तो चुलीपुढच्या माउलीच्या आणि मांडीवरच्या लेकराच्या छातीत जातो. म्हणून प्लॅस्टिक चुलीत नको आणि अंगणातही जाळू नये.

मग करावे काय? सगळेच प्लॅस्टिक टाकून द्या, असे आम्ही म्हणत नाही. ठिबकची नळी पाणी वाचवते. बादली वर्षानुवर्षे चालते. खरा त्रास आहे तो घडीभर वापरून फेकायच्या वस्तूंचा. सरकारने २०१८ साली राज्यात अशा पिशव्यांवर बंदी घातली. १ जुलै २०२२ पासून प्लॅस्टिकचे पेले, ताटल्या, चमचे यांवर साऱ्या देशात बंदी आली. तरी बाजारात पिशवी मिळतेच. कायदा उंबरठ्यापर्यंत येतो. आतले काम घरच्यांचे.

ते काम सोपे आहे. जुन्या लुगड्याच्या, धोतराच्या दोन पिशव्या शिवा. एक खुंटीला, एक सायकलला. आठवडी बाजाराला तीच न्या. तेल, दही, मटण आणायला घरचा डबा न्या. लग्नात पळसाच्या पत्रावळी आणि धुण्याजोगे पेले ठेवा. दुधाची पिशवी कापताना कोपरा तोडून टाकू नका, लटकता ठेवा. तो चिमुकला तुकडाच मातीत हरवतो. तरीही घरात येईल ते प्लॅस्टिक धुऊन, वाळवून एका पोत्यात साठवा. बाटल्या, डबे, फुटकी बादली भंगारवाला घेतो. उरलेले ग्रामपंचायतीला द्या आणि ते पुढे नेण्याची सोय ग्रामसभेत मागा. उकिरड्यात मात्र कुजणारेच टाका.

कुणी म्हणतात, "दुकानात डबा घेऊन जायची लाज वाटते." लाज कसली? आपल्या महाराष्ट्रात एक थोर पुरुष होऊन गेला. गावात शिरला की हातात झाडू घेऊन आधी गाव झाडी. जेवायला स्वतःचे मातीचे भांडे जवळ बाळगी. त्या भांड्यावरूनच लोक त्याला गाडगेबाबा म्हणू लागले. १९५६ साली बाबा गेले. त्यांचे गाडगे फुटले तरी मातीलाच मिळाले असते. कुणाच्या दारात त्याचा डोंगर झाला नसता.

तेव्हा उद्या बाजाराला निघताना एवढे करा. खुंटीवरची पिशवी घ्या, डबा घ्या, आणि मग पायात वहाणा घाला.

रामराम.