समाजमंदिर कुणाचं?

(वस्तीतल्या तरुणांच्या बैठकीत केलेलं भाषण. बोललं तसंच छापलं आहे.)

मित्रांनो, आणि मागं दाराशी बसलेल्या आयांनो, मावश्यांनो,

मी विद्वान नाही. मॅट्रिक झालो अन् गोदीत लागलो. कविता लिहितो म्हणून मला बोलायला उभं केलंय, पण आज कविता म्हणणार नाही. आज बैठकीपुढं ठराव आहे. आपल्या समाजमंदिरात दर रविवारी येशूची प्रार्थना चालते, ती बंद करायची. ठराव मांडणारे माझेच दोस्त आहेत. त्यांचं म्हणणं सरळ आहे. बाबासाहेबांनी देव नाकारला, मग आपल्या जागेत देवाचा बाजार कशाला?

मी ठरावाच्या विरोधात बोलणार आहे. आणि सुरवातीलाच सांगून टाकतो, मला देव नाही. मी देवळात जात नाही, चर्चात जात नाही, मंगळवारी अनवाणी सिद्धिविनायकाच्या लायनीत उभा राहत नाही. २२ प्रतिज्ञा घरात भिंतीवर आहेत अन् डोक्यातही आहेत. तरी विरोधात बोलणार. आधी ऐकून घ्या, मग हात वर करा.

पहिल्यांदा देवाचं बघू. रोजच्या जगण्यात हा देव करतो काय?

आमच्या शेडच्या दारात चार देवांचे फोटो आहेत. सकाळच्या पाळीला उदबत्ती चुकत नाही. हेल्मेटं मात्र दहा माणसांत सहा. मागच्या पावसाळ्यात पत्र्याची कॉइल उतरवताना साखळी तुटली अन् माझ्या टोळीतल्या एका गड्याचा पाय गुडघ्याखाली गेला. कंत्राटदार दवाखान्यात आला, वर बघून हात जोडले अन् म्हणाला, 'देवानं वाचवलं रे, पायावर निभावलं.' संपलं. साखळी किती जुनी होती, ती कुणी तपासायची होती, हे आता विचारायचं नाही. पाय गेला ती देवाची मर्जी, जीव राहिला ती देवाची कृपा. कंत्राटदाराच्या वाट्याला काहीच आलं नाही. असा देव त्याला फार स्वस्तात पडतो, दिवसाला एक उदबत्ती.

हे आजचं नाही. १४ एप्रिल १९४४. तारीख नीट ऐका, बाबासाहेबांचा वाढदिवस. त्या दिवशी व्हिक्टोरिया गोदीत फोर्ट स्टिकीन नावाचं जहाज फुटलं. जहाजाच्या पोटात चौदाशे टनांच्या आसपास दारूगोळा, त्याच जहाजात कापसाच्या गाठी आणि सोन्याच्या विटा. दुपारी आग दिसली, चारच्या सुमारास पहिला स्फोट, मागनं दुसरा. शेकडो माणसं मेली. आग विझवायला गेलेले ६६ बंबवाले मेले. त्यांच्या आठवणीत आजही १४ एप्रिलला देशभर अग्निशमन सेवा दिवस पाळतात. अशा वेळी लोक म्हणतात देव कोपला. कोप कसला आलाय? कापूस अन् दारूगोळा एका जहाजात भरला माणसांनी. स्फोटकांचा लाल बावटा लावला नाही माणसांनी. लढाईची घाई म्हणून दारूगोळ्याचं जहाज थेट गोदीत, शहराच्या उशाशी आणलं, ते माणसांनीच. सोन्याच्या विटा पुढं किती वर्षं गाळातनं निघत राहिल्या, एकेक वीट मोजली गेली. मेलेल्यांचा आकडा मात्र पुस्तकागणिक बदलतो.

मग गोदी कामगाराचं जे काही बरं झालं, ते कुणी केलं? आधी टोळीवाल्याच्या दारात रोज उभं राहायचं. तो बोट दाखवील त्याला काम, बाकीचे उपाशी. त्याच्या हातावर काही ठेवलं तर बोट लवकर वळायचं. १९४८ साली गोदी कामगारांच्या रोजगाराचा कायदा झाला, १९५१ साली मुंबईत त्याची योजना आली. नावनोंदणी झाली, काम पाळीनं वाटलं जाऊ लागलं. नवस बोलून हे झालं नाही. माणसं एकत्र आली, संप केले, उपाशी राहिली. बाबासाहेब १९४२ ते १९४६ व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री होते. कारखान्यातला आठवडा ५४ तासांवरून ४८ तासांवर आणणारं १९४६ चं बिल त्यांनी मांडलं. त्या कागदावर कुठल्या देवाची सही नाही. आणि आज कंत्राटदारीत हे सगळं पुन्हा आपल्या हातून निसटतंय, त्यालाही देव जबाबदार नाही. आपण सुटे सुटे झालोय म्हणून निसटतंय.

इथपर्यंत ठराव मांडणारे खूश असतील. आता पुढचं ऐका.

देव नाही एवढं म्हटलं, की देवळात किंवा चर्चात जाण्याचा प्रश्न संपतो काय? माझ्या मते संपत नाही. तो वेगळा प्रश्न आहे. २ मार्च १९३० ला नाशिकला काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. बाबासाहेब होते, दादासाहेब गायकवाड होते, हजारो बाया-माणसं होती. त्यांना काय रामाचं तोंड बघायचं होतं? बाबासाहेबांनी तेव्हाच स्वच्छ सांगितलं होतं, देवळात शिरल्यानं आपले प्रश्न सुटणार नाहीत. हिंदू मन आपल्याला माणूस म्हणायला तयार आहे का, याची ती परीक्षा होती. मार खाल्ला, दगड खाल्ले, दार उघडलं नाही. परीक्षेत नापास झाले ते आतले. मग १३ ऑक्टोबर १९३५ ला येवल्याची घोषणा, आणि १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूर. म्हणजे दारातून आत कोण जातो, आत कोण कुठं बसतो, हा देवाचा सवाल नव्हताच. माणसाचा होता.

आपल्या चळवळीनं १९७२ साली ज्यांच्यावरून पँथर हे नाव घेतलं, त्या अमेरिकेतल्या काळ्या लोकांकडं बघा. अठराव्या शतकाच्या अखेरीस फिलाडेल्फियाच्या एका चर्चात काळी माणसं गुडघे टेकून प्रार्थना करत होती. गोऱ्यांनी ठरवलेली जागा ती नव्हती. तर चालू प्रार्थनेतून त्यांना ओढून उठवलं. ती सगळी माणसं बाहेर पडली. त्यांच्यातल्या रिचर्ड ॲलननं पुढं १८१६ साली काळ्यांचा स्वतंत्र चर्चसंघ उभा केला. त्यांनी येशू सोडला नाही, गोऱ्यांची बाकडी सोडली. १९५५-५६ साली माँटगोमेरीत काळ्यांनी बसवर बहिष्कार घातला, ३८१ दिवस. त्याच्या सभा चर्चात झाल्या, पैसे चर्चात जमले, कुणाच्या मोटारीतून कोण कामाला जाणार हे चर्चात ठरलं. म्हणून तर गोऱ्या गुंडांनी बाँब ठेवला तो चर्चात. १५ सप्टेंबर १९६३, बर्मिंगहॅम, चार पोरी मेल्या. देवाचं घर म्हणून बाँब ठेवला नव्हता. तिथं काळी माणसं एक होत होती म्हणून ठेवला होता.

आता म्हणाल, मग काय चर्चात समता आहे? कुठली आलीय! जात ह्या देशात बाप्तिस्म्याच्या पाण्यानं धुतली जात नाही. तिरुनेलवेलीकडं वडक्कनकुळम नावाचं गाव आहे. तिथल्या चर्चात वरच्या जातीचे ख्रिस्ती अन् खालच्या जातीचे ख्रिस्ती एकमेकांना दिसू नयेत म्हणून मधे भिंत होती. ती १९१० साली पाडली. तमिळनाडूत कबरस्तानातसुद्धा जातीच्या भिंती आहेत. मेलेलं माणूस कुणाला काय बाटवणार, पण भिंत आहे. दलित ख्रिस्ती ओरडत राहिले, तेव्हा कुठं २०२२ साली हैदराबादचे अँथनी पूला हे पहिले दलित कार्डिनल झाले. दोन हजार वर्षांचं चर्च, अन् पहिला आता.

तरी आपले लोक तिकडं गेले. नगर जिल्ह्यात १८३१ पासून अमेरिकन मिशनचं काम होतं. महार-मांगांची गावंच्या गावं ख्रिस्ती झाली. शहाणे लोक म्हणतात, पावासाठी गेले, दुधाच्या पावडरीसाठी गेले. गेले असतील! उपाशी माणूस भाकरीकडं जाणार नाही तर कुठं जाणार? पण तिथं शाळा होती, दवाखाना होता, अन् कुणीतरी पाटीवर त्याच्या पोराचं नाव लिहिलं होतं. ज्या धर्मानं त्याला पाणी दिलं नाही, त्या धर्माच्या माणसानं त्याला पावाचा हिशेब विचारू नये.

आता सरकारचा हिशेब बघा. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानं ठरवलं, अनुसूचित जातीचा माणूस हिंदूच असला पाहिजे. १९५६ साली त्यात शीख घेतले. बौद्ध घेतले ते १९९० साली. म्हणजे आपल्या बापजाद्यांनी दीक्षा घेतली आणि ३४ वर्षं केंद्राच्या यादीत त्यांना जागा नव्हती. धर्म बदलला म्हणून शिक्षा झाली. गावात मात्र त्यांना कुणी ब्राह्मण म्हटलं नाही. ख्रिस्ती अन् मुसलमान झालेले दलित त्या यादीत अजून नाहीत. २००७ साली रंगनाथ मिश्र आयोगानं सांगितलं, धर्माची अट काढा. काढली नाही. २०२२ साली आणखी एक आयोग नेमला, न्यायमूर्ती बालकृष्णन यांचा. ज्याचा पाय गेला म्हणून मघाशी सांगितलं, तो गडी नगरकडचा, मांगाचा, ख्रिस्ती. त्याच्या पोराला आपल्या पोरांसारखा दाखला मिळत नाही. गळ्यात क्रूस घातला म्हणून त्याचं गावकूस हललंय का? तो आजही गावात जातो तेव्हा मांगवाड्यातच जातो. जी शिक्षा आपण ३४ वर्षं भोगली ती तो आजही भोगतोय, अन् आपण त्याच्या बायकोला समाजमंदिराच्या पायरीवरून उठवणार? फिलाडेल्फियात हेच झालं होतं.

आणि एक विचारतो, राग मानू नका. त्याचा पाय गेला तेव्हा त्याच्या घरी पहिला डबा कुणी नेला? ह्याच रविवारच्या बायकांनी. दीड महिना. पाळी लावून. कुणी तांदूळ, कुणी कालवण, एकजण पोरांना आंघोळ घालायला. त्यातल्या दोघी आपल्याच बौद्ध घरातल्या आहेत. त्या तिकडं का जातात म्हणून आपण चिडतो. मी एकीला विचारलं, मावशे, तिथं तुला काय सापडलं? ती म्हणाली, 'बाबा, तिथं मला नावानं हाक मारत्यात. दोन रविवार गेले नाही तर घरी बघायला येत्यात.' तिनं देवाचं नाव काढलंच नाही. आपल्या विहाराला कुलूप आहे. १४ एप्रिल, बुद्धपौर्णिमा, ६ डिसेंबर, एवढ्याला उघडतं. वर्षावासात ग्रंथवाचन सुरू होतं अन् तिसऱ्या आठवड्यात वाचणारा एकटा उरतो. बाबासाहेबांनी धम्म दिला तो देवाच्या जागी नीती बसवून. म्हणजे शेजाऱ्याशी मी कसा वागतो हीच आपली पूजा. मग ती पूजा दीड महिना कुणी केली?

जोतीबांचं 'सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक' त्यांच्या मरणानंतर १८९१ साली छापलं गेलं. त्यात त्यांनी एक घर रंगवलंय. त्या घरातली बाई बौद्ध, नवरा ख्रिस्ती, पोरगी मुसलमान, पोरगा सत्यधर्मी, आणि सगळे एका घरात गोडीनं राहतात. सव्वाशे वर्षांपूर्वी ज्या माणसानं एका छपराखाली चार धर्म बसवले, त्याचा फोटो आपण समाजमंदिरात लावलाय. त्या फोटोखाली बसून ठराव करायचा, की ह्या छपराखाली दुसरा कुणी नको? घटनेच्या २५ व्या कलमात सद्सद्विवेकबुद्धीचं स्वातंत्र्य आहे. ते कलम फक्त आपल्या दीक्षेपुरतं लिहिलेलं नाही.

म्हणजे काय वाट्टेल ते चालू द्यायचं? नाही. दोन गोष्टी मी त्या बायांना अन् त्यांच्या पाळकाला तोंडावर सांगितल्यात. एक, प्रार्थनेनं टी.बी. बरा होतो, गोळ्या बंद करा, असं कुणी म्हणालं तर त्याच दिवशी हॉल बंद. आपल्या वस्तीत टी.बी.नं माणसं मरतात, इथं चमत्काराचा धंदा चालणार नाही. दोन, रोजंदारीवाल्याच्या पगारातून दशमांश कापून घ्यायचा नाही. दोन्ही त्यांनी मान्य केल्यात. आणि हेच दोन नियम गणपतीच्या मंडळाला, दर्ग्याच्या बाबाला अन् आपल्या जयंतीच्या वर्गणीलाही लावा. जबरदस्तीची वर्गणी ही जबरदस्तीच, फोटो कुणाचाही असो.

तेव्हा माझी दुरुस्ती अशी. प्रार्थना रविवारी दहा ते बारा चालू राहील. त्याच रविवारी संध्याकाळी सहाला विहाराचं कुलूप निघेल. तिथं वंदना होईल, पंधरा मिनिटं वाचन होईल, मग वहीत लिहायचं: ह्या आठवड्यात कुणाचं काम गेलं, कोण आजारी आहे, कुणाच्या पोराचा दाखला अडलाय, अन् कोण त्याच्या घरी जाणार. पहिलं नाव पाय गेलेल्या गड्याचं. त्याची नुकसानभरपाई अजून अडकली आहे, कंत्राटदार म्हणतो तो आमच्या हजेरीवर नव्हताच. सोमवारी पाळी सुटल्यावर दहा जणांनी माझ्याबरोबर त्याच्या ऑफिसात यायचंय. रविवारच्या बायकांपैकी चौघी येणार म्हणाल्यात. त्या बायबल घेऊन येतील, आपण हजेरीच्या चिठ्ठ्या घेऊन जाऊ.

आता ठराव मताला टाका. जयभीम.