वाऱ्याने नेले त्याचा हिशेब

(जिल्हा मेळाव्यातील भाषणाचा सारांश)



तुम्ही कापूस-ज्वारी पिकवणारी कोरडवाहू माणसे. समुद्र कुठे आणि तुम्ही कुठे! मग हा चाकणकडचा माणूस आपल्याला वादळाची गोष्ट कशाला सांगतो, असे तुम्हाला वाटेल. समुद्राचे वादळ हे कोकणाचे दुखणे, मध्ये सह्याद्री उभा आहे, असे आम्हीही समजत होतो. 3 जून 2020 रोजी तो समज पत्र्यांबरोबर उडून गेला.

2 जूनला अरबी समुद्रात चक्रीवादळ तयार झाले. त्याचे नाव 'निसर्ग'. दुसऱ्या दिवशी दुपारी ते अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर चढले. वाऱ्याचा वेग ताशी 110 ते 120 किलोमीटर. मुरूड, श्रीवर्धन, दिवेआगरकडच्या नारळी-पोफळीच्या बागा काही तासांत आडव्या झाल्या. वादळाला जोर मिळतो तो समुद्राच्या गरम पाण्यातून. जमिनीवर आले की तो तुटतो. पण उरलेल्या जोरानेही ते घाट चढले आणि मावळ, खेड, जुन्नरला झोडपून गेले. आमच्या खेड तालुक्यात वहागावला भिंत कोसळून एक म्हातारी बाई गेली. 4 जूनच्या सकाळी त्याच वादळाचा ओसरलेला भाग पश्चिम विदर्भावर होता. म्हणजे ते तुमच्याही दारावरून गेले आहे.

आता चाकणचे चित्र पाहा. रस्त्याच्या एका अंगाला मोटारींचे कारखाने, दुसऱ्या अंगाला आमची पॉलिहाऊस, कांदा चाळी, गोठे. वारा दोघांना सारखाच. पण कारखान्याचा पत्रा उडाला तर त्याचा विमा असतो, हिशेबनीस नुकसान वहीत लिहितो, नफ्यातून ते वजा होते. शेतकऱ्याचा पत्रा उडाला तर पहिला प्रश्न येतो, पीक कोणते होते? अहो, 3 जूनला खरीप पेरायचे होते! पीक विमा उभ्या पिकाचा. चाळीत भिजलेला कांदा, फाटलेले पॉलिहाऊस त्यात बसत नाही. फूलवाल्यांनी तर त्या आधी दोन महिने टाळेबंदीत फुले उकिरड्यावर टाकली होती. छप्पर गेले, कर्ज तेवढे जागेवर राहिले.

आणि पीक उभे असले तरी काय मिळते? त्या वर्षी आपत्ती निधीचा कोरडवाहू पिकाचा दर हेक्टरी 6,800 रुपये होता. एकरी पावणेतीन हजार! तेही नुकसान 33 टक्के किंवा जास्त असेल तर. 2022 साली तो 8,500 झाला. एका एकराचे बियाणे, खत, फवारणी आणि वेचणीची मजुरी घरी जाऊन मांडा आणि या आकड्याशी ताडून पाहा. फळबागांचा दर 18,000 होता. कोकणातून ओरड झाली तेव्हा राज्याने दोन हेक्टरपर्यंत हेक्टरी 50,000 दिले. याचा अर्थ काय? दर दगडावर कोरलेला नाही. माणसे बोलली तर तो हलतो.

2014 च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये गारपिटीने मराठवाडा-विदर्भातली रब्बी ज्वारी झोपवली, तेव्हाही हाच अनुभव आला. सरकार त्याला 'मदत' म्हणते. मदत म्हटले की उपकार आला, आणि उपकाराचा हिशेब कोणी मागत नाही. आपल्याला हिशेब मागायचा आहे.

म्हणून तीन गोष्टी करा. एक, वही ठेवा. चाळ, गोठा, मोटार, पाइप, कशाला किती पैसे लागले ते पावतीसह लिहा. दोन, नुकसान झाले की आवरासावर करण्याआधी फोटो काढा, पंचनाम्याची प्रत मागा. विमा असेल तर लगेच कळवा. तीन, गावोगावच्या ग्रामसभेत ठराव करा : भरपाईचा दर उत्पादन खर्चावर ठरवा, आणि शेतातल्या बांधकामालाही पिकासारखा विमा द्या.

वारा आपल्या हातात नाही. वही आपल्या हातात आहे. पुढच्या मेळाव्याला येताना ती बरोबर आणा.