कोवळे अंडे, जून अंडे

निपाणीच्या वखारीत तंबाखूची पोती रचून ठेविली, की व्यापाऱ्यास एका इवल्याशा तपकिरी भुंगेऱ्याची धास्ती लागते. त्याची मादी तंबाखूतच अंडी घालते; साधारण आठवड्याभरात निघालेली अळी पानाची चाळण करून टाकते. १९१६ साली अमेरिकेत रनर या कीटकशास्त्रज्ञाने याच भुंगेऱ्यावर क्ष-किरणांचे प्रयोग प्रसिद्ध केले. पुरेसे किरण लागलेल्या माद्यांच्या अंड्यांतून अळ्या निघाल्याच नाहीत.

किरण थेट अंड्यावर सोडले, तर अंड्याचे वय निर्णायक ठरते. कोवळ्या अंड्यात केंद्रकांचे विभाजन झपाट्याने चाललेले असते. त्या घाईत गुणसूत्रे तुटली, तर ती सांधण्यास अवसर मिळत नाही आणि गर्भ मरतो. अवयव घडत आलेल्या जून अंड्यास मात्र तेवढी मात्रा पुरत नाही. त्यातून अळी बाहेर पडतेही. परंतु मात्रा बेताची असली, तरी पुष्कळदा तिचा भुंगेरा होत नाही, झालाच तर वांझ निघतो.

पोत्यात सर्व वयांची अंडी एकत्र नांदतात; म्हणून मात्रा सर्वांत चिवट अवस्थेवरून ठरवावी लागते. २००७ साली लासलगावच्या केंद्रातून अमेरिकेस गेलेल्या आंब्यांना किमान ४०० ग्रे मात्रा दिली गेली, ती कीड पुढे वाढू नये याच हिशेबाने. गॅमा किरणांनी माल किरणोत्सर्गी होत नाही. तसेच त्यास पुढील संरक्षणही लाभत नाही. वखार झाडून स्वच्छ ठेवण्याचे काम शेवटी माणसाकडेच राहते.